धूमकेतूची उलटी शेपटी

डेलफीननं स्वतः रंगवलेला धूमकेतू वाऱ्यावर उडत आला आणि तिच्याच बुटांपाशी पडला.

हॅलिफॅक्सहून डार्टमथला निघालेल्या बोटीच्या डेकवर पाऊस आडवातिडवा झोडपत होता. एक उंच, चिंब भिजलेला माणूस बाकीची पानं छातीशी कवटाळून तिच्याकडे धावत येत होता. डेलफीननं पान उचललं. मावळता सूर्य, छपरावर दुर्बिणीला डोळा लावून बसलेली जुन्या काळची खगोलशास्त्रज्ञ कॅरोलाइन हर्शेल, वर आभाळात धूमकेतू... सगळा सप्टेंबर खपून काढलेलं तिचं चित्र. ते इथं कसं आलं?

"आभारी आहे," तो धापा टाकत म्हणाला. "हे समुद्रात गेलं असतं तर मागोमाग मीही उडी मारली असती."

"एवढं आवडलं?"

"फार. म्हणून तर पंचाईत झालीय."

आत बाकावर टेकल्यावर त्यानं सगळं सांगितलं. नाव रोरी, शाळेत गणित शिकवतो. मुलांसाठी कॅरोलाइनवर पुस्तक लिहिलंय, त्याच्या चित्रांची पानं तपासायला आली आहेत, आणि चित्रं काढणारी कोण, ते त्याला ठाऊक नाही. त्यात नवल नव्हतं. चित्रपुस्तकांच्या धंद्यात लेखक आणि चित्रकार यांची गाठच पडू देत नाहीत. मध्ये संपादकबाई अंतरपाट धरून उभ्या असतात. डेलफीनलाही लेखकाचं नाव तेवढं माहीत होतं. ते नाव आता तिच्या शेजारी बसून रुमालानं चष्मा पुसत होतं.

"ही शेपटी बघा," तो म्हणाला. "धूमकेतू कुठंही चाललेला असो, शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला. इथं ती सूर्याकडेच वळलीय. सगळे चित्रकार हेच करतात... धावत्या मुलीच्या वेण्या मागं उडतात, तशी शेपटी मागं."

डेलफीननं अगदी वेण्यांचाच विचार केला होता. तिचे कान तापले. लहानपणी बाईंनी सातच्या पाढ्यासाठी फळ्यापाशी उभं केलं होतं आणि मागं वर्ग खिदळत होता, ते हसू तिला आत्ता पुन्हा ऐकू आलं. चित्र माझं आहे, एवढे तीन शब्द. ते ओठांशी आले आणि तिथंच बसले.

"मग सांगा की संपादकांना," ती कशीबशी म्हणाली.

"सांगवत नाही हो. कॅरोलाइनला पाढे कधी पाठ झाले नाहीत, ती पाढ्यांचा कागद जवळ ठेवायची, एवढंच मी लिहिलं. हिनं त्या कागदाचा कोपरा खिशातून डोकावताना काढलाय, हाताळून हाताळून मऊ झालेला. पाढ्यांना घाबरलेल्या माणसालाच हे जमतं. अशा माणसाला पुन्हा चुकलीस म्हणून कसं सांगायचं?"

डेलफीननं खिडकीकडे तोंड फिरवलं. गणिताची पुस्तकं ती आजवर नाकारत आली होती. हे पुस्तक घेतलं ते केवळ पाढ्यांच्या त्या एका वाक्यासाठी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डोळे पुसत. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला एकदा भेटून धन्यवाद द्यायचे, असं तिनं तेव्हा ठरवलं होतं.

"तुम्ही काय करता?" त्यानं विचारलं.

"मी... खिडक्या रंगवते," ती म्हणाली. अगदीच थाप नव्हती. नाताळात ती दुकानांच्या काचा रंगवायची.

दुसऱ्या दिवशी तिनं संपादक विनिफ्रेडला फोन केला. शेपटी चुकलीय, माझी मलाच दिसली, पान नव्यानं करून देते. विनिफ्रेडनं छापखान्याच्या तारखेवरून भरपूर कुरकुर केली आणि मग हो म्हटलं.

तो सगळा हिवाळा दोघांचा येता-जाता बोटीवर गेला. रोरी ओटच्या बिस्किटांचे तुकडे मांडून तिला ग्रह फिरवून दाखवायचा आणि ती शनी खाऊन टाकायची. फळ्याची गोष्टही तिनं त्याला सांगितली; तो हसला नाही. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

एकदा तो म्हणाला, "ते पान नव्यानं आलं. शेपटी आपोआप फिरली, बरं का," आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. ती समुद्रपक्षी बघू लागली. आता सांगणं आणखी अवघड झालं होतं... इतके दिवस फसवलंस म्हणून हा उठून गेला तर?

पुस्तकाला दोन अर्पणं असतात, एक लेखकाचं, एक चित्रकाराचं. छापून येईपर्यंत एकाचं दुसऱ्याला दाखवत नाहीत. तोंडातून जे निघत नव्हतं ते डेलफीननं तिथं लिहून दिलं.

मे महिन्यात पुस्तक निघालं. पुस्तकाच्या दुकानात विनिफ्रेड दोघांची ओळख करून द्यायला मोठ्या हौसेनं पुढं आली. डेलफीन दारातच थबकली, हात गार पडलेले. रोरीच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. त्यानं अर्पणाचं पान उघडून तिच्यासमोर धरलं. खाली तिचं होतं: 'बोटीवरच्या त्या माणसास. त्यानं चूक दाखवली, पण मला लहान केलं नाही.' वर त्याचं: 'खिडक्या रंगवणारीस, कृतज्ञतेनं.'

"कधीपासून माहीत आहे?" तिनं हळूच विचारलं.

"शेपटी फिरली तेव्हापासून. त्या चुकीबद्दल मी जगात एकाच माणसाशी बोललो होतो, डेलफीन."

"मग विचारलं का नाहीस?"

"कुणाला फळ्यापाशी उभं करून उत्तर काढून घेऊ नये. तूच शिकवलंस मला."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "त्या एका वाक्यासाठी तुला धन्यवाद द्यायचे होते," ती म्हणाली. "आणि आता... नुसते धन्यवाद पुरत नाहीत. प्रेमात पडलेय मी तुझ्या. सात आठे किती, ते मात्र अजून सांगता येत नाही."

"नको सांगूस," रोरी म्हणाला. "कागद ठेवू जवळ. दोघांत एक पुरेल."

डेलफीननं आपला गार हात त्याच्या कोटाच्या खिशात सारला. विनिफ्रेड ओळख करून द्यायची राहिली म्हणून चुळबुळत होती.