उपडं ताट

निर्मळखोऱ्यात एखादीला दिवस गेले की मुलगा की मुलगी, असल्या चौकशा कुणी करत नाही. पहिला प्रश्न येतो, "ताट मिळालं का?"

ऋजुता धारपला सहावा लागला तरी ताट मिळालेलं नव्हतं. आणि गंमत बघा, ताटाचा नियम ज्यांनी केला ते तिचे सासरे मुकुंदराव, अख्ख्या खोऱ्याचे भाऊ, त्याच घराच्या ओटीवर बसून आल्यागेल्याला शुद्ध अन्नाचे फायदे सांगत होते.

नियम साधा होता. खोऱ्यात बाहेरून अन्नाचा कण यायचा नाही आणि रासायनिक खत तर नाहीच नाही. इथल्या मातीत जेवढं पिकेल, त्यात जेवढ्यांची पोटं भरतील, तेवढ्यांनीच इथं राहायचं. या आकड्याला म्हणायचे ताटमर्यादा. नवं ताट मांडायचं तर जुनं एक उठायला हवं. कुणी वारलं की ते आपोआप उठायचं. नाहीतर कुणीतरी राजीखुशीनं, भरल्या पंगतीत, जेवण झाल्यावर आपलं ताट उपडं घालायचं आणि पूल ओलांडून वडजाईला राहायला जायचं. वडजाईत खताचा कारखाना होता, शेतांत युरिया पडायचा आणि भात कमरेच्या वर जायचा. डोहाळजेवणापर्यंत ताट मिळालं नाही, तर आईबापांनी पोटातल्या बाळासकट पलीकडे जायचं.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणाला वाटेल. तर सांगून टाकतो, खोऱ्यातलं अन्न खरोखरच उत्तम होतं. ओढ्याचं पाणी ओंजळीनं प्यावं असं, वांग्यावर फवारा नाही, मातीत हात घातला तर गांडूळ हाताला लागणारच. माणसं खुटखुटीत होती. भाऊ स्वतः अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोंगर चढून जायचे. म्हणूनच लांबलांबची गावं त्यांना भाषणं द्यायला बोलवायची, आणि ते बोलायचेही असे की ऐकणारा घरी जाऊन आधी स्वयंपाकघरातले डबे रिकामे करायचा.

"मी कुठंही जाणार नाही, भाऊ," ऋजुतानं एक दिवस जेवताना स्पष्टच सांगितलं. "माझी आई इथं आहे, माझं बियाणांचं घर इथं आहे. माझं बाळ इथलंच आहे."

"जायचंय कुणाला?" भाऊ म्हणाले. "जमिनीत अजून ताकद आहे. मोजणाऱ्यांचं चुकतंय. उद्या बोलावतो त्या डॉक्टरीणबाईंना."

डॉक्टरीणबाई म्हणजे डॉ. नजमा तडवी, मातीच्या रसायनशास्त्रज्ञ. ताटमर्यादा दर वर्षी त्याच मोजून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, शेतातून फिरल्या, माती तपासली आणि बांधावर भाऊंच्या शेजारी येऊन बसल्या.

"एकही ताट वाढत नाही, भाऊ."

"अहो, असं कसं? सोन्यासारखी जमीन आहे."

"सोन्यासारखीच आहे. पण पिकाला लागतं नत्र. तुमचे स्नायू, तुमचं रक्त, पोटातल्या बाळाचं काळीज, सगळ्याला नत्र लागतं. ते आपल्याला पिकातून मिळतं, पिकाला मातीतून आणि मातीला..."

"हवेतून! हवेत नत्र खच्चून भरलंय. चौथीतल्या पोराला विचारा."

"भरलंय, पण कुलूप लावून," नजमाताई हसल्या. "हवेतलं नत्र पिकाला थेट घेता येत नाही. ते कुलूप दोघांनाच उघडता येतं. एक, तूर-मटकीच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू. ते आपल्या चालीनं उघडतात, आपण कितीही घाई केली तरी. दुसरा, खताचा कारखाना. तो मागाल तेवढं उघडून देतो. तुम्ही कारखाना नको म्हणालात. बरं केलंत, नदी वाचली. पण मग जिवाणू देतील तेवढीच माणसं. शेणखत, सोनखत, पालापाचोळा घालून आपण आहे तेच नत्र फिरवत राहतो. त्यातलंही थोडं दर पावसाळ्यात वाहून जातं."

भाऊंना हे पटलं नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि नजमाताईंच्या हातावर ठेवली. आत दाढ होती, परवाच काढलेली.

"एवढ्या वर्षांत ही पहिली दाढ काढली! चार पिढ्या आमच्या घरात युरियाचा दाणा शिरलेला नाही. वडिलांची पाच मुलं, पाचही घरच्या शेतावर वाढली. मग त्याच मातीत माझं एक नातवंड का मावू नये? घ्या, तपासा. तुमची यंत्रं काय म्हणतात बघू."

आता तपासायचं काय, ते सांगतो. नत्राचे अणू दोन वजनांचे असतात, हलके आणि किंचित जड. कारखान्याच्या खतात हवेत असतं तेच प्रमाण राहतं. शेणखत कुजताना मात्र हलके अणू जास्त उडून जातात आणि जड मागे उरतात. म्हणजे माणूस कुठल्या खतावर पिकलेलं खाऊन वाढला, हे त्याच्या अंगातलं नत्र सांगतं. केस फार तर वर्षा-दोन वर्षांचं सांगतील. पण दाढेचा आतला भाग लहानपणी एकदा घडला की आयुष्यभर तसाच राहतो.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी नजमाताई पुन्हा आल्या. भाऊ ओटीवर एकटेच होते.

"काय मग? शंभर नंबरी ना?"

"भाऊ, तुमच्या दाढेतलं निम्मं नत्र कारखान्याचं आहे."

"काहीतरीच! दुसऱ्या कुणाची तरी दाढ तपासलीत तुम्ही."

"मलाही आधी तसंच वाटलं, म्हणून पुन्हा तपासली. लहानपणी तुम्ही बाहेरचं धान्य खाल्लंय, आणि चांगलं पोटभर. जरा आठवून बघा."

भाऊ चिडले, उठले, ओटीवर येरझारा घालू लागले. मग मध्येच थांबले.

"मामाकडचे तांदूळ," ते हळूच म्हणाले.

शिमगा झाला की घरचे तांदूळ संपायचे. मग आई माहेरी जायची आणि मामाच्या गाडीतून पोतं घेऊन यायची. वडिलांना बाहेरचं धान्य चालायचं नाही. म्हणून आई त्यांच्यासाठी घरचे थोडे तांदूळ वेगळे झाकून ठेवायची आणि मुलांना मामाकडचे शिजवायची. मामाच्या शेतात युरियाची पोती पडलेली असायची. त्या रिकाम्या पोत्यांवर भाऊ मामेभावांबरोबर घसरगुंडी खेळले होते. इतकी वर्षं हे त्यांना आठवत नव्हतं असं नाही. त्याचा अर्थ लावायची गरजच पडली नव्हती.

"घरच्या शेतात किती जणांचं भागत होतं?" नजमाताईंनी विचारलं.

"सगळ्यांचं नाही. पाच भावंडांत शेवटचा मी," भाऊ म्हणाले. "माझ्यासाठी भात नव्हताच त्या शेतात." आणि त्यांना रडू आलं, अगदी लहान मुलासारखं.

पण माणूस मोडणारा नव्हता. डोळे पुसून ते म्हणाले, "म्हणजे आम्ही हे केलं ते चूकच म्हणा की."

"कोण म्हणतं? मी स्वतः इथलीच भाजी नेते. निर्मळ अन्न चांगलंच आहे. पण ते खाणाऱ्याला परवडतं का, एवढंच आपण विचारत आलो. पंगतीत जागा किती आहे, ते कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण झालं. ऋजुताला हिरवी साडी नेसवली, फुलांची वाडी भरली, बायकांनी गाणी म्हटली. पंगत उठायच्या वेळी भाऊंनी ताक प्यायलं, ताट स्वच्छ केलं आणि सगळ्यांसमोर उपडं घातलं.

"भाऊ, नको!" ऋजुता अवघडलेल्या अंगानं तशीच उठली. "तुम्ही नाही! तुमच्याशिवाय हे गाव कसलं?"

"गाव राहतंय गं. पोराला सांग, आजोबांनी जागा धरून ठेवली होती." ते हसून म्हणाले आणि खरंच हलके झाले. आपण योग्य तेच केलं, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती.

आजवर पुलापर्यंत जाऊन दुसऱ्यांना शाल देणारे भाऊच होते. पुलापलीकडच्या वडजाईत मात्र ते कधी गेले नव्हते. आज मुलानं त्यांना शाल दिली आणि ते पलीकडे उतरले.

वडजाईच्या भोजनशाळेत पाऊल टाकलं आणि ते दारातच उभे राहिले. आत निर्मळखोरंच बसलं होतं! यशोदाकाकू, हिरामण सुतार, मास्तरीणबाई, भाऊंनी शाल देऊन पाठवलेलं एकेक माणूस. म्हातारी माणसं ओळीनं बसून गरम भात जेवत होती. खोऱ्यातला ताटांचा हिशेब दर वर्षी चोख का जुळतो, ते भाऊंना आज कळलं. उरलेली ताटं इथं मांडलेली होती, आणि ती वडजाईच्या युरियावर भरत होती.

"या भाऊ, बसा!" यशोदाकाकूंनी सरकून जागा केली. भाऊंनी घास घेतला. भात मऊ होता आणि चव ओळखीची होती.

तेवढ्यात वडजाईची तरुण सरपंच केतकी भोईर हार घेऊन धावतच आली. आनंदानं तिचा चेहरा फुलला होता.

"भाऊ, तुम्ही स्वतः आलात! आमचं भाग्यच! तुमची भाषणं आम्ही गावभर ऐकवली. काल ठराव झाला, एकमतानं. या हंगामापासून आमचा कारखाना बंद! आता वडजाईतही ताटमर्यादा!"

तिनं भाऊंच्या गळ्यात हार घातला. दारातल्या तरुण मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पंगतीतलं कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं. सगळ्यांचे घास हातातच राहिले होते.

यशोदाकाकूंनी आपल्या ताटाकडे पाहिलं, मग भाऊंकडे.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "आता आम्ही कुठं जायचं हो?"

उत्तर भाऊंनीच द्यायचं होतं. नियम त्यांचाच होता.