पस्तिशीवरची शर्यत

सायकलची चेन उतरली ती नेमकी देवास गेटच्या चौकात. ती चढवायला धावून आलेल्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याचे हात काळे झाले होते, कपाळाला वंगण लागलं होतं आणि तो हसत होता.

"रोज याच रस्त्याने जाऊन राहिल्या का तुम्ही?"

"शाळेत शिकवते. रोजच जाते."

"मी पण रोज येतो. शर्यतीची तयारी. पस्तीस वर्षांवरच्या हौशी लोकांची आहे, देवास रोडवर सातव्या मैलापर्यंत जाऊन परत. तुम्ही पण... पण नाही, तुम्हाला नाही घेणार. तुम्ही तर लहान आहात."

"हो... तीस," मी बोलून गेले.

सवयच झाली होती जिभेला. आमच्या घरी गेली सात वर्षं मी तिशीचीच होते. सुमनवहिनी मुलाकडच्यांना तेच सांगायची आणि तात्या, माझा मोठा भाऊ, खाली मान घालून सुपारी कातरायचा. वहिनीने तर एका ज्योतिषाकडून सात वर्षं अलीकडची पत्रिकाही करवून घेतली होती. खरी मी एकोणीसशे एकोणीसची. म्हणजे आता, छप्पन्न साली, सदतीस पूर्ण.

त्याचं नाव श्रीनाथ फणसे. रस्ते खात्यात ओव्हरसियर, वय छत्तीस. भावंडांची लग्नं लावता लावता याचंच राहून गेलं होतं. महिनाभर रोज सकाळी आम्ही बरोबर सायकली चालवल्या. दव पडलेलं असायचं, हँडल गार लागायचं...

"पदर सांभाळा, चाकात जाईल."

"तुमचं लक्ष रस्त्याकडे असू द्या."

"रस्ता माझ्याच खात्याचा आहे. कुठे पळून नाही जात."

मी हसायचे आणि हसता हसता घाबरायचे. कारण एव्हाना मला हा माणूस हवा होता, आणि तो माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान होता.

अशातच आमचं मध्य भारत राज्य मोडून नवं राज्य व्हायचं ठरलं. एक नोव्हेंबरपासून कचेऱ्या भोपाळला. श्रीनाथची बदलीची ऑर्डर आली आणि त्याच संध्याकाळी तो तात्याकडे येऊन मला मागणी घालून गेला. वहिनीने हौसेने पत्रिका दिली. ती खोटी पत्रिका अशी जुळली की विचारू नका... छत्तीसपैकी एकतीस गुण! साखरपुडा पुढच्याच आठवड्यात ठरला.

घरात लाडू वळले जात होते आणि मी एकच विचार करत होते. सांगितलं तर तो जाईल. नाही सांगितलं तर जन्मभर कुणी सहज साल विचारलं की खोटं बोलावं लागेल. तीनदा ठरवून त्याच्या शेजारी सायकल नेली, तीनदा हवापाण्याचंच बोलून परत आले.

मग मी भित्र्या माणसाची युक्ती केली. शर्यतीचा फॉर्म भरला. नियम असा होता की मॅट्रिकचं सर्टिफिकेट दाखवायचं आणि सुरुवातीच्या रेषेवर प्रत्येकाचं नाव जन्मसालासकट भोंग्यावरून पुकारायचं, म्हणजे कुणी तरणाबांड गडी लबाडीने घुसू नये. जे माझ्या तोंडून निघत नव्हतं ते भोंगा सांगणार होता. क्लबचे सेक्रेटरी दत्तात्रयजी चक्रावलेच. दोनदा नियम वाचून म्हणाले, "बाई, यात फक्त पुरुष असं कुठे लिहिलं नाही..." आणि त्यांनी सही केली.

रविवारी सकाळी वहिनीचं नऊवारी नेसून मी रेषेवर उभी राहिले.  श्रीनाथने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मला निरोप द्यायला आलात?"

"नाही... शर्यतीला."

"पण ही तर पस्तीसच्या वरची—"

"नंबर चौदह," भोंगा गरजला, "कुमारी जयू गर्गे! जन्म, सन उन्नीस सौ उन्नीस!"

गर्दीत कुणीतरी हसलं. श्रीनाथ हसला नाही. त्याचे ओठ हलले, जणू तो हिशेब करत होता. तेवढ्यात शिट्टी झाली आणि तो निघून गेला. एकदाही मागे न बघता.

त्या सात मैलांत मला सगळ्याची भीती वाटली. मागून येणाऱ्या ट्रकची, उताराची, आणि सगळ्यात जास्त पुढच्या वळणाची. कारण पुढचे लोक आता उलटे येणार होते. पाचव्या मैलावर तो समोरून आला, दुसऱ्या नंबरवर, मान खाली. आमच्या चाकांत चार हातांचं अंतर होतं. त्याने वर पाहिलं नाही. संपलं, मी मनात म्हटलं. डोळ्यांपुढे रस्ता धूसर झाला, तरी पाय चालवत राहिले. परत जायला दुसरा रस्ताच नव्हता.

मी पोचले तेव्हा मांडव उतरवत होते. तो एकटाच सायकलला टेकून उभा होता.

"पत्रिका आज परत करतो," तो म्हणाला.

मी मान हलवली. 

"त्या तीस वर्षांच्या बाईशी मला लग्न नाही करायचं. तिला मी ओळखत पण नाही." तो थांबला. "चौदा नंबरवाल्या बाई हो म्हणत असतील, तर..."

"मग मघाशी बघितलं का नाही माझ्याकडे?"

"राग आला होता. महिनाभर सोबत चाललो आणि मला भोंग्याकडून कळावं? बघितलं असतं तर राग गेला असता. शर्यत पण गेली असती."

मला रडू आलं आणि हसूही. "तुमच्या आईंना माहीत आहे?"

"नाही. घरी आहे ती, माधव नगरला. मला भीती वाटून राहिली, जयू." माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. "तुम्ही बाहेर थांबा. मी सांगतो."

"नको," मी म्हटलं. "वय माझं आहे. मी सांगते."

त्याच्या आई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी धुळीने माखलेली, केस सुटलेले. सगळा धीर एकवटून एका दमात म्हटलं, "आई, पत्रिका खोटी आहे. मी सदतीसची आहे. यांच्याहून एक वर्षाने मोठी."

त्यांचा हात सुपातच थांबला.  तेवढ्यात श्रीनाथने माझा हात धरला. भर दारात, आईसमोर. 

आईंनी त्या हातांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"सोड तिचा हात," त्या म्हणाल्या. "शेजारचे बघून राहिले. आत या दोघं, पाणी प्या आधी."