अठरावा छेद

मंगळवारी सकाळी कचेरीचा साहेब हॅस्कल याने फर्मान काढलं: काउंटी सरकारला रस्त्याच्या छेदांवर सगळं दिसायला हवंय. पाण्याचे पाइप, विजेचे खांब, कुंपणं, झाडं, काही म्हणता काही सुटायला नको. पूर्व केंटकीतल्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत नकाशे काढणारी एकटी लोर्ना कॉम्ब्सच होती, त्यामुळे हे कुणी करायचं हा प्रश्नच नव्हता.

काम अवघड नव्हतं. ओढ्याकाठचा रस्ता रुंद व्हायचा होता. दर पन्नास फुटांवर, पाव कापावा तसा, तो आडवा कापून दाखवायचा; असे अडतीस छेद, आणि रस्त्यावर प्रत्येक छेदाच्या जागी त्याच्या क्रमांकाची एक खुंटी ठोकलेली. मग सॉफ्टवेअरला सांगायचं, की कापाच्या मागेपुढे दहा फुटांत जे जे असेल ते या छेदावर आणून बसव. लोर्ना अकरा वर्षं हेच करत होती. कुणी झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी केलं असतं.

बाराव्या छेदावर, डाव्या गटाराच्या पलीकडे, एक उभी रेघ आली. खांब म्हणावा तर बुटकी, खुंटी म्हणावी तर फार उंच. तिने मोजली. पाच फूट दहा इंच. मोजणीच्या यादीत त्या जागी काहीच नव्हतं. तिने रेघ पुसली आणि तेरावा छेद उघडला.

तिथेही ती होती. थोडी रस्त्याकडे सरकलेली, गुडघाभर जमिनीत.

गुडघाभर हा शब्द मनात आला कसा, याचं लोर्नालाच नवल वाटलं. रेघेला कुठले आलेत गुडघे! पण चौदाव्यावर ती कमरेइतकी खाली गेली होती, सतराव्यावर गळ्याइतकी. अठराव्यावर, नवा पाइप जाणार होता त्या खंदकाच्या तळाशी, ती आडवी पडली होती. पुढच्या वीस छेदांवर काही नव्हतं. लोर्ना परत बाराव्यावर आली, तर पुसलेली रेघ जागच्या जागी.

हॅस्कलने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "मोजणीवाल्यांचा घोळ. पूस आणि पुढे चल."

"तीनदा पुसली."

"मग चौथ्यांदा पूस. काउंटीवाले विचारतील हे काय उभं केलंय, तर मी काय सांगू?"

लोर्नाला काळजी काउंटीची नव्हती. तिचा धाकटा भाऊ वर्लिन त्याच रस्त्यावर पाइप टाकणाऱ्या टोळीत होता. त्याची उंची पाच फूट दहा इंच होती, आणि टोळी शुक्रवारी अठराव्या खुंटीपाशी पोचणार होती. मन चिंती ते वैरी न चिंती, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. उपयोग झाला नाही. जेवणाच्या सुट्टीत ती गाडी काढून थेट रस्त्याच्या कामावर गेली.

वर्लिन ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होता.

"शुक्रवारी कामावर येऊ नकोस," ती म्हणाली.

"का? तुझ्या कॉम्प्युटरला स्वप्न पडलं?"

ती हसली नाही. तिने सगळं सांगितलं.

"अगं, पाच फूट दहा इंचाची माणसं या ओढ्याकाठी शंभर निघतील. त्यातली निम्मी तर आपलीच चुलतभावंडं."

"मग निदान त्या खुंटीपाशी खाली उतरू नकोस. पुढे जाऊन काय करायचं ते कर. आईची शपथ घे."

त्याने घास गिळला. बहीण थट्टा करत नाहीये, हे त्याला कळलं. "बरं बाई. अठराव्या खुंटीपाशी खाली पाय ठेवणार नाही. आईशपथ."

त्या रात्री लोर्नाला शांत झोप लागली.

शुक्रवारी दुपारी दोनला कचेरीतला फोन वाजला. वर्लिनने शब्द पाळला होता. खंदकाच्या भिंती धरून ठेवणारी लोखंडी पेटी अठराव्या खुंटीपाशी उतरवलेली होती; तिच्यात त्याने दुसऱ्याला पाठवलं आणि स्वतः पुढे जाऊन खंदकात उतरला. पाइपचा सांधा बघायला, मिनिटभरासाठी, पेटीशिवाय. दोन्ही बाजूंची माती एकदम त्याच्यावर ढासळली.

खुंटीपासून आठ फूट पुढे.

आठ फूट. दहाच्या आत. छेदावर जे दिसतं ते नेमकं त्या कापावरच असतं असं समजू नका, हे लोर्ना अकरा वर्षं नव्या लोकांना शिकवत आली होती. सख्ख्या भावाला मात्र तिने सांगितलं होतं, पुढे जा. आपणच त्याला तिथे नेऊन उभं केलं, हे तिला त्या क्षणी कळलं आणि मग कधीच विसरता आलं नाही.

सोमवारी त्याला टेकडीवर पुरलं.

तीन आठवड्यांनी काउंटीने झालेल्या कामाचे छेद मागवले. हॅस्कल म्हणाला, "राहू दे, मी बाहेरून करून घेतो." लोर्नाने ऐकलं नाही. तिला अठरावा बघायचा होता.

अठराव्यावर पाइप होता. बाकी काही नाही.

ती रडली. मग डोळे पुसून उलटी मागे जाऊ लागली.

सतराव्यावर रेघ गळ्यापर्यंत जमिनीत होती. चौदाव्यावर कमरेपर्यंत. बाराव्यावर पूर्ण बाहेर.

ती बाराव्यावर थांबली नव्हती. अकरा. दहा. नऊ. प्रत्येक छेदावर उभी, रस्त्याच्या डाव्या कडेने.

पहिल्या छेदावर ती रस्ता सोडून आत वळली होती, मध्यरेषेपासून चाळीस फूट. तिथे त्यांच्या आईचं घर होतं. चाळीस फुटांवर त्याच्या मागच्या दाराची पायरी.

लोर्नाने फोन लावला. आईने बऱ्याच वेळाने उचलला.

"आई, मागच्या दाराला कडी लाव."

"आत्ता?" मागे नळ वाहत होता. "थांब गं. त्याला चिखल तरी धुऊ दे."