चिमणीचं मूळ गाव

श्रीरंगचा छंद जगावेगळा. जुन्या तारायंत्राच्या खांबांवर तार बांधायला काचेचे जाड, उपडे पेले बसवलेले असत. लाइनमन त्यांना चिमणी म्हणतात. श्रीरंग त्या जमवायचा, आणि एकेकीचं मूळ गाव शोधल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. काचेचा रंग, साच्याची शिवण, आतले आटे, सगळं तपासायचं. आटे नीट दिसावेत म्हणून आधी भोकात फुंकर मारायची, ही त्याची रीत. बायको मनस्विनी म्हणायची, "माझ्या माहेरची इतकी चौकशी कधी केली नाहीत!"

लासूर स्टेशन गावच्या कडुबा नावाच्या म्हाताऱ्याकडून आणलेली हिरवट चिमणी मात्र दाद देईना. ना शिक्का, ना आकडा. आत नुसती काजळी. म्हणजे ही कोळशाच्या इंजिनाच्या धुरात, रुळांशेजारी उभी असणार, असं त्यानं वहीत लिहिलं आणि ती धुऊन ठेवली. सकाळी आटे बघायला घेतली, तर काजळी पुन्हा होती. बोटाला कोमट लागली.

चार दिवस हेच. श्रीरंगच्या गारखेड्यातल्या घरात सहा वर्षांच्या लेकीच्या, सावनीच्या दम्यापायी उदबत्तीसुद्धा लावत नसत. आता खोलीत कोळशाचा वास यायचा, आणि पोर उशीला टेकून बसायची, छाती सूं सूं वाजायची. श्रीरंग पार भेदरला. पाचव्या दिवशी सकाळीच चिमणी पिशवीत घालून तो लासूरला गेला.

"कडुबा, ही परत घे. कुठल्या खांबावरची, तेवढं सांग."

"खांब कुठला, साहेब? चुलीपाशी मीठ ठेवत व्हतो तिच्यात. लई वर्सं."

"मग ही काजळी?"

"म्या दिली तव्हा स्वच्छ व्हती." कडुबानं नजर चुकवली. "तुमीच तोंडाला लावली... फुंकर मारली... मंग काळी झाली. मला वाटलं, आत काय तरी आसंल."

श्रीरंगला काही उमगेना. घेतली तेव्हा ती काळी होती, हे त्याला चांगलं आठवत होतं. फुंकरीच्या आधी की नंतर, तेवढं आठवेना. त्यानं रांजणातलं पाणी घेऊन चिमणी धुतली, पुसली, उन्हात धरली. आरपार कडुबाचं अंगण दिसलं. मग हळूच फुंकर मारली.

अंगण दिसेनासं झालं.

कडुबा खाटेवरून उठून मागं सरकला. तेवढ्यात मनस्विनीचा फोन आला.

"अहो, तुम्ही गेलात आणि तासाभरात हिचा श्वास मोकळा झाला बघा! दारातच बसलीय तुमची वाट बघत. बोला तिच्याशी."

"बाबा, लवकर या ना! मला आज मस्त वाटतंय."

लेकीला जवळ घ्यायला त्याचा जीव तुटत होता. पण बोलायचं तर श्वास सोडावा लागणार. ओठ घट्ट मिटून, श्वास रोखून तो उभा राहिला.

"बाबा...? ऐकू येतंय ना?"

त्यानं मोबाइल हातभर लांब धरला. फोनच्या काचेवर काळा डाग सावकाश पसरत होता. त्यानं श्वास तर अजून सोडलाच नव्हता.