साध्या पाण्यातले व्यसनी

"वहिनी, मासे व्यसनी झालेत हो," असं म्हणून ती मुलगी रडायलाच लागली, तेव्हा भाऊजींनी चहाचा तिसरा कप गुपचूप खाली ठेवला. व्यसनाचा विषय निघाला की सगळे आपल्याकडेच बघतायत असं त्यांना वाटतं.

वहिनी खासगी गुप्तहेर. भाऊजी त्यांचे धाकटे दीर आणि मदतनीस, म्हणजे वहिनी डोकं चालवतात आणि भाऊजी पिशवी धरतात.

मुलगी माशांवर संशोधन करत होती. एका टाकीतल्या माशांना ती पट्टेरी भिंतीपाशी उत्तेजक औषध द्यायची. चटक लागली की ते औषध नसतानाही पट्ट्यांकडे धावत. शेजारच्या टाकीलाही तशीच पट्टेरी भिंत, पण आत नुसतं साधं पाणी. पण ताईच्या बाळंतपणाहून ती परतली, तर साध्या पाण्यातले सज्जनही पट्ट्यांकडे धावत होते. विद्यापीठाच्या समितीने ठरवून टाकलं, पोरीने हलगर्जीपणाने दोन्हीकडे औषध घातलं. उद्या तिचं संशोधन रद्द होणार होतं, आणि त्याबरोबर पदवीही.

प्रयोगशाळेची किल्ली तिच्याखेरीज दोघांकडेच. टाक्या पुसणाऱ्या मावशींनी कानावर हात ठेवले. त्या पाण्यात बोटसुद्धा बुडवत नसत, काच बाहेरूनच पुसत. उलट त्यांचीच तक्रार होती. मासे धरायची जाळी त्या कोरडी करून टांगतात, आणि मुलगी गावाला असताना ती एका सकाळी ओली सापडली.

दुसरे तिचे मार्गदर्शक सर. माशांना जीव लावायचा नाही, हा त्यांचा दंडक.

"मासे म्हणजे आकडे," ते म्हणाले. मग साध्या टाकीकडे बघून हळूच पुटपुटले, "आता खातोय नीट."

कोण, असं भाऊजींनी विचारल्यावर सरांनी हवापाण्याचा विषय काढला.

तेवढ्यात तपासणीचा अहवाल आला. साध्या टाकीतले तीन मासे मारून त्यांचे मेंदू तपासले होते. चटकेने वाढणारं डोपामिन नेहमीइतकंच, औषधाचा मागमूस नाही.

"मेंदू शुद्धीवर आणि वागणं दारुड्याचं," भाऊजी म्हणाले. "नाटकं करतायत लेकाचे."

वहिनी साध्या टाकीसमोर बसून राहिल्या. दर वेळी एकच मासा आधी सुटायचा आणि बाकीचे त्याच्या मागोमाग. त्यांनी तो जाळीने उचलून वाडग्यात सोडला, तसे बाकीचे टाकीभर पांगले.

"याचाही मेंदू तपासायला पाठवू," वहिनी म्हणाल्या.

सरांनी वाडग्यावर हात धरला. "त्याला नको."

"मग मीच सांगते. चटक या एकट्याला आहे. मासे थव्याने राहतात, हा धावला की बाकीचे धावतात, म्हणून त्यांचे मेंदू स्वच्छ. हा औषधाच्या टाकीतला. याच्या बदली इथला एक तिकडे गेला, म्हणून संख्या चुकली नाही. जाळी ओली झाली तेव्हा ही गावाला होती, आणि मावशी पाण्यात हात घालत नाहीत. सगळे मासे एकसारखे दिसत असताना त्यातला एक आता नीट खातोय, हे कळलं कुणाला?"

सरांनी वाडग्यावरचा हात काढला. औषधामुळे त्या माशाने अन्न सोडलं होतं. त्याचे हाल बघवेनात, असं ते म्हणाले.

"आणि माझे?" मुलीने विचारलं.

सरांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. चूक माझी, हे दोनदा सांगूनही पलीकडे ऐकू गेलं नाही, इतका आवाज बसला होता. तिसऱ्यांदा त्यांना ओरडूनच सांगावं लागलं आणि ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. अध्यक्षांनी कारवाई मागे घेतली.

मुलीने डोळे पुसले. "सर," ती म्हणाली, "अजून एकदा सांगा ना त्यांना."