थट्टा थांबली त्या दिवशी

"हॉटेल बंद आहे," शिडीवरून आवाज आला.

नकिएतेनं मान वर केली. झावळ्यांच्या छपराखाली एक तरुण शिडीवर चढून गळती बुजवत होता. खाली दोन बादल्या, एक पातेलं आणि चक्क एक फुलदाणी मांडून ठेवलेली... आणि प्रत्येकात वेगळ्या सुरात पाणी टपटपत होतं.

"बंद कसं असेल? आम्ही फोन करून आलोय. म्सुया कुटुंब. सामेहून."

"सामेहून?" त्याचा हात थांबला. चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं आणि नकिएतेनं ओळखलं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. "म्हणजे पारे! तरीच म्हटलं, या धो धो पावसात समुद्र बघायला येतंय कोण! समुद्र अर्ध्या दरात मिळतोय म्हटल्यावर पारेच येणार."

"आणि तू चागा," ती ओला रुमाल पिळत म्हणाली.

"कशावरून?"

"गळक्या छपराचेसुद्धा पैसे घेतोस, त्यावरून."

तो इतका खदखदून हसला की शिडी डगमगली. तिनं पुढे होऊन दोन्ही हातांनी ती धरली. त्यानं खाली पाहिलं... त्याच्या पापण्यांवर पाण्याचे थेंब होते, आणि नजर तिच्यावरून हलायला तयार नव्हती.

"घट्ट धर हं. पडलो तर तुमच्याकडचे लोक माझ्यावरच खटला भरतील, शिडी वाकवली म्हणून."

अनोळखी माणसाशी पहिल्याच वाक्यात अरे-तुरे! पण पारे आणि चागा या दोन जमातींची माणसं समोरासमोर आली की दुसरं काय होणार? एकीकडे पारेंचे डोंगर, शेजारी चागांचा किलिमांजारो, आणि दोघांमध्ये पणजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं थट्टेचं नातं. पारे कंजूष आणि कोर्टबाज, चागा पैशाला चिकटलेले, असं तोंडावर म्हणायचं. वाट्टेल ते बोलायचं, टोपी पळवायची, ताटातला मासा उचलायचा. जो रागावला तो हरला. आणि ज्यानं बोलणं खरं मानलं, तो तर कामातूनच गेला.

एवढ्यात नकिएतेचे बाबा सामान घेऊन आत आले. न्यायाधीश म्सुया त्याच महिन्यात निवृत्त झाले होते. 'तुला समुद्र दाखवतो' असं ते बायकोला लग्नापासून सांगत आले होते, आणि तो मुहूर्त अखेर भर पावसाळ्यात लागला होता. खुर्ची सुटल्यापासून घरात ते नुसते येरझाऱ्या घालत असत. पण शिडीवर चागा आहे हे कळलं मात्र, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आरोपी हजर आहे का?" ते गरजले. "चोरा, आधी खाली उतर आणि ही छत्री जप्त झाली असं समज." कोपऱ्यातली त्याची छत्री त्यांनी काखोटीला मारलीसुद्धा.

त्याचं नाव अमिनिएल मासावे. हॉटेल त्याच्या काकांचं. पावसाळ्यात काका मोशीला आपल्या घरी जात, नोकरमाणसं आपापल्या गावी, आणि मागे अमिनिएल एकटा. तोच मॅनेजर, तोच वाढपी, तोच आचारी. पाहुणे म्हणजे फक्त हे तिघं. त्यामुळे जेवायला सगळे एकाच टेबलाशी बसत, आणि तिथे रोज युद्ध पेटे.

पहिल्याच रात्री बाबांनी त्याच्या ताटातला नारळाच्या रसातला मासा उचलला.

"न्या, न्या," अमिनिएल म्हणाला. "तुमची मुलगी मागायला येईन तेव्हा मासे मोजून तुम्हाला द्यायच्या गायी कमी करीन."

"मुलगी? चागाला?" बाबांनी टेबलावर मूठ आपटली. "कोर्टाचा वेळ फुकट घालवल्याबद्दल आरोपीला दंड. अजून एक मासा!"

आई डोळे पुसत हसली. नकिएतेही हसली... पण तिच्या हातातला घास तोंडाशी जायला उगीचच वेळ लागला.

दुपारी पाऊस जरा उसंत घेई. ओहोटीचं पाणी लांबवर मागे सरलेलं असे, आणि ओली वाळू पायांखाली गार लागे. आई-बाबा पडवीत पेंगत असत. ही दोघं किनाऱ्यानं चालत निघत. ती शाळेत गणित शिकवी, तिथल्या गमती सांगे. एका मुलानं गणिताच्या पेपरात तिला 'बाई, देव तुमचं भलं करो, मला पास करा' असं लिहिलं होतं, ते ऐकून तो वाळूतच बसला हसून हसून. त्याला या हॉटेलाची भलतीच माया होती. पर्यटकांच्या दिवसांपेक्षा पावसाळाच त्याला आवडे. समुद्र तेव्हा कुणासाठी नटत नाही, असं तो म्हणाला, आणि हे म्हणताना पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

एकदा अचानक सर आली. दोघं धावत होड्यांच्या छपराखाली शिरली. जागा एवढीशी. त्याच्या सदऱ्याला लाकडाच्या धुराचा वास येत होता.

"इथेच राहा ना," तो म्हणाला.

तिनं सवयीनं टोला परतवला. "पगार किती देणार?"

"निम्मा. मोसम नाहीये सध्या."

"आणि छप्पर?"

"गळकं. पण तू शिडी छान धरतेस..."

तो हसला नाही. एक क्षण नुसता बघत राहिला. तीही बघत राहिली. मग दोघंही एकदमच हसली, जरा जास्तच जोरात.

नकिएतेला त्याच्यावर प्रेम बसलं होतं. उगाच आडपडदा कशाला? शनिवारी सामान बांधून निघायचं होतं, आणि हा माणूस रोज तिला मागणी घालत होता. कधी केळ्यांच्या घडाच्या बदल्यात, कधी एका म्हाताऱ्या कोंबड्याच्या बदल्यात, सगळ्यांदेखत, हसत हसत! त्यातलं खरं किती? विचारायची सोय नव्हती. 'खरंच म्हणतोयस का रे?' असं थट्टेच्या नात्यात विचारणारी पोर आयुष्यभर हसण्याचा विषय झाली असती. आणि न विचारता परत जायचं म्हणजे सामेला बसून जन्मभर त्या सरीतला तो एक क्षण आठवत राहायचं.

शुक्रवारी सकाळी बाबांनी नेहमीसारखी आरोळी ठोकली, "अरे चोरा, चहा आण! की पाण्याचेही पैसे लावतोस?"

अमिनिएल आला. इस्त्रीचा सदरा घालून. ट्रे दोन्ही हातांत, मान खाली.

"शिकामू, बाबा," तो हळूच म्हणाला. वडीलधाऱ्यांना करायचा तो नमस्कार, तोही कमरेत वाकून.

बाबा हसले आणि पुढच्या टोल्याची वाट पाहायला लागले. टोला आलाच नाही. त्यांनी ट्रेमधलं त्याच्या वाटणीचं केळं उचललं.

"घ्या, बाबा. अजून आणू का?"

"बस तरी!"

"नको बाबा, उभा आहे तो बरा आहे."

नकिएतेपुढे त्यानं कप ठेवला, पण वर पाहिलं नाही. मग तो पाठ न दाखवता मागे मागे सरकत निघून गेला.

"काय झालं याला?" बाबांचा चेहरा पडला. "मी काल काही जास्त बोललो का? ते कोंबड्याचं लागलं का त्याला?" ते खरोखरच बेचैन झाले. उलटतपासणी घ्यायला साक्षीदारच नव्हता. आई मात्र चहा ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

नकिएतेनं चहाचा कप तसाच बाजूला सारला. भांडला असता तर चाललं असतं. ज्याच्याशी थट्टा, तो आपला, आणि ज्याच्याशी असं अदबीनं बोलायचं, तो परका. कंटाळला असेल आपल्याला. उद्या जाणाऱ्या पाहुण्यांशी कशाला तोंड वाजवायचं, असा हिशेब केला असेल. दुपारभर ती खोलीत कपड्यांच्या घड्या घालत आणि मोडत बसली. शेवटी राग इतका अनावर झाला की ती तशीच अनवाणी बाहेर पडली.

तो उपड्या होडीजवळ बसून फटींत कापूस ठासत होता. पाऊस भुरभुरत होता.

"आमचं काही चुकलं का?"

"नाही."

"मग बाबांशी असं का वागतोस? माणूस सकाळपासून धड जेवला नाहीये. काल त्यांच्या टकलावर नारळ फोडायला निघाला होतास, आणि आज म्हणे 'घ्या, बाबा'! त्यापेक्षा शिव्या द्यायच्या होत्यास."

त्यानं हातातला कापूस खाली ठेवला. "तुमच्यात... सासऱ्याची थट्टा करतात?"

"काय?"

"आमच्यात नाही करत. सासऱ्यापुढे आवाज चढवत नाहीत. तो सांगेल तरी बसत नाहीत." तो बोटांना चिकटलेले कापसाचे धागे सोडवत राहिला. "थट्टेत तुला किती वेळा मागितलं मी! दर वेळी तू टोला हाणलास, सगळे हसले, मीही हसलो. मग खरं बोलायचं ते कुठल्या तोंडानं? माझं तर सगळं तोंडच थट्टेचं. म्हटलं, थट्टाच सोडू. पण ती एकदा सोडली की परत धरता येत नाही, नकिएते. तू नाही म्हणालीस तर... बाबांशी भांडायची मजाही गेली, आणि तूही गेलीस."

तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. 'एवढा तोट्याचा धंदा? चागा असून?' सवयीनं आलंच होतं ते. तिनं ते दातांखाली दाबून धरलं. त्याच्या जागी दुसरं काही सुचेना. थट्टेशिवाय बोलणं इतकं अवघड असतं, हे तिला कुठे माहीत होतं!

"मी..." ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मला तू हवा आहेस, अमिनिएल. आजचा नाही, उद्याचा नाही, कायमचा. आणि ही थट्टा नाही."

तो उठून उभा राहिला. तिचे ओले हात त्यानं आपल्या हातांत घेतले, आणि दोघांनाही पुढे काय करायचं ते कळेना.

"पुन्हा म्हण ना," तो पुटपुटला.

"सासऱ्याचं कळलं..." तिला हसू फुटलंच. "पण बायकोची थट्टा चालते ना तुमच्यात?"

"ती नाही चालली, तर लग्न कशाला करायचं?"

शनिवारी सकाळी पाऊस थांबला होता. बाबांनी शेवटचा डाव टाकला. हॉटेलातला सगळ्यात मोठा तवा त्यांनी स्वयंपाकघरातून उचलला आणि अमिनिएलच्या नाकासमोरून तो गाडीकडे नेऊ लागले. अगदी सावकाश, पोरानं हटकून आरडाओरडा करावा म्हणून.

अमिनिएल पुढे आला. वाकला.

"शिकामू, बाबा. पाऊस सरला की काकांना घेऊन सामेला यावं म्हणतो. तुमची परवानगी असेल तर."

बाबांनी तोंड उघडलं. कोटी तयारच होती, ओठांपर्यंत आलीही होती. त्यांनी आईकडे पाहिलं. आई समुद्राकडे बघत खांद्यावरच्या कापडाशी चाळा करत होती. त्यांनी नकिएतेकडे पाहिलं. ती आपल्या पायांकडे बघत होती, आणि हसू लपवत होती.

म्हाताऱ्याला तेव्हा सगळं लख्ख कळलं असावं. थट्टेला असा जोडीदार सात गावांत मिळाला नसता, आणि तो आता कायमचा हातचा गेला होता. त्यांनी तवा हळूच पायरीवर टेकवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ताठ उभे राहिले.

"मराहाबा, बाळा," शिकामूला वडीलधाऱ्यांनी द्यायचं ते उत्तर त्यांनी दिलं. "ये. काकांना घेऊन ये. आम्ही वाट बघू."