चौकशीच्या खिडकीची उंची

तिसऱ्या दिवशीही तो आलाच. काखेत वही, हातात टेप... आणि ते पावलं मोजत चालणं!

चौकशीच्या खिडकीत बसलेल्या कालिंदीचं लक्ष गाड्यांच्या वेळांवरून उडालं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनानं शहर तापलेलं, फलाटावर पोलिस, जो तो दुसऱ्याकडं संशयानं बघणारा. आणि हा स्टेशनच्या दगडी कमानी मोजतोय! आधी तिकीटघर, मग पार्सल ऑफिस, मग उपाहारगृह... बायकांच्या वेटिंग रूमपाशी तर चांगला दहा मिनिटं उभा.

तिला राहवेना. ती बाहेर आली.

"काय लिहिताय हो?"

त्यानं वर पाहिलं. डोळ्यांत हसू. "दारं किती हायेत, ते."

"कशाला?"

"पळायची येळ आली तर... ठाऊक असल्यालं बरं."

तो गंमत करत होता. पण कालिंदीला ते खरंच वाटलं. तिनं थेट फलाटावरचे हवालदार काकासाहेब यांना गाठलं. त्यांनी त्याला बाकावर बसवलं, वही काढून तिच्या हाती दिली.

"नाव?"

"सोनाजी. पाचोडचा."

"आडनाव काय?"

सोनाजीचं हसू मावळलं. "समदे आधी तेच इचारतात, साहेब. वही बघा की."

कालिंदीनं वही उघडली. पहिल्याच पानावर रेल्वेच्या सर्व्हेचा शिक्का. लाईन ब्रॉडगेज होणार, म्हणून जुन्या इमारतीचं मोजमाप. पुढं केसाएवढ्या बारीक रेषांचा नकाशा, कडेला टिपणं– 'बायकांच्या खोलीत नळ नाही. लेकुरवाळ्या फलाटभर पाणी शोधतात. चौकशीची खिडकी फार खाली. आतल्या बाई दिवसभर वाकून बोलतात. पाठ दुखत असेल.'

दोन वर्षं तिची पाठ दुखत होती. कुणी विचारलं नव्हतं.

"सोडा त्यांना, काकासाहेब," ती कशीबशी म्हणाली. "चूक माझी आहे."

हवालदार गेले. तिनं वही त्याच्यापुढं धरली.

"रागावलात?"

"लई." तो उठला. "आता चहा पाजा, मग बघू."

सर्व्हे तीन महिने चालला, आणि उपाहारगृहातला चहाही. शेवटच्या दिवशी तो अडखळत म्हणाला, "कालिंदीबाई... तुमच्या घरी मी धनगराचा हाय म्हणून—"

"ते रविवारी कळेल," ती म्हणाली. "पुंडलिकनगरला या."

आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा सदाशिवराव, दोघंच. रविवारी सदाशिवरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग आडनाव विचारलंच. सोनाजीनं सांगितलं. ते उठले, आत गेले. बराच वेळ झाला... आले नाहीत.

"चलतो मी," सोनाजी हळूच म्हणाला.

कालिंदीनं पायात चपला सरकवल्या. "थांबा. मीही येते."

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला–

"कालिंदे, साखरेचा डबा कुठं ठेवलायस गं? चहा उकळून उकळून आटला की!"